मगर हलवू नका, पाणवठा हलवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गावालगतच्या नदीत गेल्या काही वर्षांपासून तीन-चार मगरी कायम दिसतात. उन्हाळ्यात काठावरून एक शेळी ओढली गेली. आता ग्रामसभेपुढे ठराव आला आहे की वन विभागाने सगळ्या मगरी पकडून लांब धरणात सोडाव्यात. हा ठराव करावा का? आणि नाही केला, तर मग गावाने करायचं काय?

ठराव करू नका. मगरीच्या बाजूने म्हणून नव्हे, त्याने धोका कमी होत नाही म्हणून.

मगर जागा धरून राहणारा प्राणी आहे. डोहातला मोठा नर बाकीच्या नरांना हुसकावत असतो. तो उचलला की जागा रिकामी होते आणि वरच्या-खालच्या अंगाची तरणी जनावरं तिथे शिरतात. त्यांना तो काठ, तिथली माणसं, तिथली वर्दळ ठाऊक नसते. लांब नेऊन सोडलेली मगरही तिथेच राहील याची खात्री नसते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरींना उपग्रह-टॅग लावून दूर नेऊन सोडलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिन्ही परत आल्या. एक तर केप यॉर्क द्वीपकल्पाला समुद्रातून वळसा घालून चारशेहून अधिक किलोमीटर अंतर वीस दिवसांत कापून आपल्या जागी पोचली. आपल्या नदीतली मगर वेगळ्या जातीची आहे, ती समुद्र ओलांडणार नाही. पण ओढे, कालवे आणि पुराचं पाणी तिला पुरतं. परतली नाही, तर नव्या जागी भटकत राहते आणि ज्या गावाला मगरीची सवयच नाही अशा गावात उगवते. म्हणजे तुमची अडचण तुम्ही दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवता.

सगळ्यात वाईट परिणाम वेगळाच. 'मगरी नेल्या' म्हटलं की लोक निर्धास्त होतात. मुलं पुन्हा डुंबायला लागतात, आणि नदीत एकही मगर उरली नाही हे तर कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात उरकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे. तिला मारणं, पकडणं, तिची अंडी किंवा घरटं मोडणं हा तीन ते सात वर्षं कैदेचा गुन्हा आहे. पकडायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही कारण पाहून. त्यामुळे 'सगळ्या पकडा' हा ठराव तसाही कागदावरच राहतो आणि त्यात सहा महिने जातात.

आता तुमच्याकडे नेमका कोण आहे ते पाहू. महाराष्ट्रातल्या नद्या, तलाव, धरणं, इतकंच काय वाशिष्ठीसारख्या नदीच्या खाडीकडच्या निमखाऱ्या भागातही दिसते ती गोड्या पाण्यातली मगर, जिला इतरत्र 'मगर'च म्हणतात. कृष्णाकाठी काही ठिकाणी तिला सुसर म्हणण्याची रीत आहे, पण खरी सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाचं, मासे खाणारं घडियाल. ते चंबळ, गंगा, महानदीच्या खोऱ्यातलं. खाऱ्या पाण्यातली प्रचंड मगर ओडिशा, सुंदरबन आणि अंदमानात. दूरचित्रवाणीवर जे पाहून लोक घाबरतात ती बहुतेक वेळा ही शेवटची किंवा आफ्रिकेतली नाईल मगर असते. आपली मगर त्या दोघींइतकी माणसावर उठणारी नाही. पण नाही म्हणजे अजिबात नाही असंही नव्हे: कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात माणसं गेली आहेत, आणि दोन मीटरच्या पुढची कोणतीही मगर धोकादायकच धरायची.

लांबीचा अंदाज लोक हमखास दीडपट-दुप्पट चुकवतात. सोपं माप आहे: डोक्याची लांबी, म्हणजे नाकपुडीच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंत, गुणिले सात. काठावर पडलेल्या मगरीचा बाजूने फोटो काढा, शेजारच्या ओळखीच्या दगडाशी डोकं मापून घ्या. डोकं वीतभर असेल तर जनावर दीड मीटरच्या आसपास आहे. दोन वितांच्या पुढे असेल तर तीन मीटरचं, आणि ते जिथे वावरतं तो काठ आधी सुरक्षित करायचा. आणि हो, तोंड वासून पडलेली मगर चिडलेली नसते. ती अंगातली उष्णता जुळवून घेत असते.

मगर शिकार करते ती दबा धरून. काठाशी पाण्याखाली राहायचं, डोळे-नाकपुड्या तेवढ्या वर, किंवा तेही नाही. आणि पाण्याच्या कडेला आलेल्यावर एकाच झेपेत तोंड टाकायचं. तिचा वेग आहे तो त्या पहिल्या एक-दोन सेकंदांत आणि त्या दोन-तीन मीटरांत. जमिनीवर पाठलाग करून माणूस धरणं हे तिचं काम नाही, त्यामुळे 'नागमोडी पळा' हा सल्ला विसरा. सरळ पाण्यापासून दूर व्हायचं. दुसरी गोष्ट, ती सवय ओळखते. रोज त्याच वेळी त्याच पायरीवर कुणी वाकत असेल तर ते तिच्या ध्यानात येतं. उभ्या माणसापेक्षा वाकलेला, बसलेला माणूस आणि लहान मूल तिला भक्ष्याच्या मापाचं वाटतं. गढूळ पाणी, तिन्हीसांज आणि रात्र ही तिची वेळ.

हे एवढं धरलं की अपघात कुठे होतात ते कागदावर मांडता येतं, आणि सुरुवात तिथूनच करायची. गावाचा नकाशा घ्या, पाण्याशी माणसाचा संबंध येतो त्या प्रत्येक जागेवर खूण करा: धुण्याचा घाट, गुरं पाजायची जागा, शेतीपंपाच्या मोटारी, होड्या लावायची जागा, मुलांची पोहायची जागा, उतार ओलांडायची जागा. शेजारी किती माणसं, कोणत्या वेळी, किती खोल पाण्यात हे लिहा. बहुतेक गावांत या यादीतल्या दोन-तीन जागांवरच जवळजवळ सगळा धोका साठलेला निघतो.

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेतीपंप. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फुटव्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाईपच्या पाण्यातल्या तोंडाची झडप, उघडा पडतो, किंवा त्याच्या जाळीत शेवाळ आणि जलपर्णी अडकते. मग शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उतरतो, वाकतो आणि हाताने चाचपतो. तेही वीज येण्याच्या वेळेप्रमाणे, म्हणजे पुष्कळदा रात्री. मगरीला याहून सोयीचं काही नाही. उपाय स्वस्त आहे. सक्शन पाईपच्या शेवटच्या टप्प्याला लवचिक पाईप जोडा, फुटव्हॉल्व्ह दोन रिकाम्या प्लॅस्टिक बॅरलांच्या तराफ्याखाली अर्धा-पाऊण मीटर खोल टांगा, आणि तराफ्याचा नायलॉन दोर काठावरच्या खुंटाला बांधा. पाणी उतरलं की तराफाही उतरतो. साफ करायचा तर दोर ओढून काठावर घ्यायचा. यात दोन गोष्टी बिघडतात. लवचिक पाईपचा जोड हवा ओढतो आणि पंप पाणी सोडतो, म्हणून क्लॅम्प दुहेरी लावा. आणि दोर उन्हाने कुजतो, तो दरवर्षी बदला. नाहीतर ऐन वेळी तुटतो आणि माणूस पुन्हा पाण्यात उतरतो.

धुणं आणि गुरं यांच्यासाठी खरा उपाय पाणी वर आणणं हाच. काठापासून पंधरा-वीस मीटर आत, पुराच्या नेहमीच्या रेषेवर, धुण्याचे दगड बसवून ओटा बांधा, त्याला नळ द्या, सांडपाण्याला शोषखड्डा काढा. म्हशींसाठी हौद. म्हशीला डुंबायला लागतं हे मान्य, म्हणून हौद नुसता पिण्यापुरता करू नका, उथळ आणि ऐसपैस करा, नाहीतर म्हैस हौदाचं पाणी पिऊन नदीवरच जाते आणि तिच्यामागे गुराखी पोरगं. असे ओटे बांधूनही ओस पडलेले दिसतात; कारण बहुधा एकच असतं, बायकांना न विचारता जागा ठरवलेली असते. सावली नाही, आडोसा नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही, किंवा नळाला पाणी येतं ते धुण्याची वेळ टळल्यावर. ओट्याची जागा आणि पाण्याची वेळ घाटावर रोज जाणाऱ्यांनीच ठरवावी.

जिथे नदीतच उतरावं लागतं, देवाचा घाट किंवा दशक्रियेची जागा, तिथे कुंपण. श्रीलंकेत नदीकाठच्या गावांत अशी कुंपणं पूर्वापार आहेत. त्यांना 'किंबुल कोटुवा' म्हणतात, म्हणजे शब्दशः मगरकोट. आपल्याकडे बांधायचा तर जागा अशी निवडा की उन्हाळ्यात आत कमरेच्या वर पाणी नसेल आणि तळ कठीण असेल. पायरीपासून तीन-चार मीटर आत जाणारं अर्धवर्तुळ पुरतं. आकार वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या तोंडाला, टोकदार ठेवा. वाहत आलेली लाकडं आणि जलपर्णी त्यावरून घसरून जाते. जाड लोखंडी पाईपचे खांब दीड-दीड मीटरवर, किमान मीटरभर तळात काँक्रीटमध्ये रोवून. मधे उभे गज, दोन गजांतली फट आठ-दहा सेंटिमीटर. दीड मीटरच्या वरच्या मगरीचं डोकं यातून जात नाही. त्याहून लहान पिल्लू आत आलं तर चावेल फार तर, माणूस ओढणार नाही. उंची नेहमीच्या भरल्या पाण्याच्या पातळीहून मीटरभर जास्त.

साखळी जाळी का नको, असं विचारलं जाईल, कारण ती निम्म्या खर्चात होते. जाळीत जलपर्णी अडकते, पाण्याचा दाब येतो आणि पहिल्याच पुरात ती खांबांसकट आडवी होते. शिवाय जाळीला पाय अडकवून मगर चढू शकते. उभ्या गुळगुळीत गजांवर तिला पकड मिळत नाही.

कुंपण फसतं ते तीन ठिकाणी. तळाशी प्रवाह माती खणतो आणि गजांखाली भगदाड पडतं. म्हणून बाहेरच्या बाजूने पाऊण मीटर रुंद दगडांचा थर टाका, वर तारेची जाळी अंथरून बांधा. कुंपण काठाला जिथे टेकतं तिथे पाणी चढल्यावर फट उरते. दोन्ही टोकं काठावर तीन-चार मीटर वर चढवा. तिसरी जागा सगळ्यात घातकी: पुरात पाणी कुंपणावरून जातं, मगर आत येते, पाणी उतरतं आणि ती आतच राहते. आता लोक जिला सुरक्षित समजतात त्याच चौकटीत ती आहे. म्हणून नदीच्या बाजूला एक उघडता येणारं फाटक ठेवा. पावसाळ्यात घाट बंद, फाटक उघडं. पाणी उतरल्यावर दोन रात्री ओळीने काठावरून बॅटरीच्या झोतात आत पाहा. मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे तांबूस चमकतात, आणि दर काही वेळाने तिला श्वासासाठी वर यावंच लागतं. दिवसा लांब बांबूने तळ चाचपा, तेही पायरीवर उभं राहून. मग फाटक लावा. नदीपात्रात बांधकाम म्हणजे जलसंपदा विभागाची परवानगी लागेल, ती आधी घ्या.

मगरीचं वर्षही ठाऊक असलेलं बरं. थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊपासून दुपारपर्यंत त्या उन्हाला पडतात. मोजायची हीच वेळ. दर वेळी एकाच मार्गाने, महिन्यात चार-पाचदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा, सरासरी नको, कारण न दिसलेल्या नेहमीच असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावर पाण्याच्या रेषेपेक्षा उंच, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते. दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं आतून ओरडतात, ती खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. या चार महिन्यांत एरवी माणसाला बघून पाण्यात सरकणारी मादी जागची हलत नाही, अंगावर येते. घरट्याभोवती तीस मीटरपर्यंत कुणी जाऊ नये, आणि जागा गवगवा न करता वन रक्षकाला सांगावी. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटलं की त्या एका डोहात गोळा होतात, आणि नेमकं तेव्हाच माणसं, गुरं आणि मोटारीही त्याच डोहावर. पावसात उलटं: पुराबरोबर त्या ओढ्यात, उसात, गटारात शिरतात.

अंड्यांबद्दल एक गोष्ट ऊस लावणाऱ्यांनी आणि वीटभट्टीवाल्यांनी वाचावी. मगरीच्या पिल्लाचं लिंग अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं. एकतीस अंशांपर्यंत माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. काठ पोखरून माती नेली, वाळू उपसली, पाण्याच्या कडेपर्यंत ऊस लावला की उघडी, उंच, योग्य उबेची जागा उरत नाही. मादी मिळेल तिथे, पायवाटेला लागून घरटं करते, आणि उन्हाला पडायला वाळूचा पट्टा नसला की मगरी घाटाच्या पायऱ्यांवर येतात. 'मगरी गावात यायला लागल्या' या तक्रारीमागे पुष्कळदा त्यांचा काठ आधी गावाने खाल्लेला असतो. दहा-पंधरा मीटरचा एखादा निर्मनुष्य पट्टा, घाटापासून दूर, मुद्दाम राखून ठेवणं हे संवर्धनही आहे आणि घाटाचं रक्षणही.

कातड्याच्या व्यापारामुळे मगरी भारतातून जवळजवळ संपल्या होत्या. १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, अंडी उबवून पिल्लं मोठी करून सोडली गेली. ओडिशातल्या भितरकनिकात तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या मगरी शंभराच्या आसपास होत्या, आज अठराशेच्या घरात आहेत. संख्या वाढवणं जमलं. काठावरच्या माणसाची व्यवस्था मात्र त्या वेगाने झाली नाही, तुमचा प्रश्न त्यातूनच आला आहे. जिथे माणसाचं आणि मगरीचं जमलं आहे अशी ठिकाणंही आहेत. गुजरातेत चरोतरात मालातजसारख्या गावांच्या तळ्यांत मगरी पिढ्यानपिढ्या आहेत; ती खोडियार मातेचं वाहन, म्हणून कुणी दगड मारत नाही. गोव्यात खाजन जमिनींच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून 'माणगे थापणी' पूजतात. श्रद्धा अपघात टाळत नाही, पण छेड टाळते, आणि न छेडलेली मगर माणूस आला की बाजूला होते.

तिला खाऊ घालू नका, हे उघड आहे. पण खाऊ घालणं म्हणजे कोंबडी टाकणं एवढंच नव्हे. चिकनच्या दुकानाचे अवशेष पुलावरून फेकणं, मेलेलं जनावर पात्रात सोडणं, मासे घाटावरच साफ करणं, हे सगळं खाऊ घालणंच आहे. त्याने माणूस, घाट आणि अन्न यांची तिच्या डोक्यात गाठ बसते. कचरा जमला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे ती. मासेमारांनी जाळं पाण्यात उतरून न तपासता होडीतून ओढावं. जाळ्यात मगर अडकलेली दिसली तर जाळं सोडून द्यावं आणि वन विभागाला कळवावं.

मगर गावात शिरली तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि गर्दी आवरा. पंधरा मीटर अंतर, आणि पाण्याकडची बाजू पूर्ण मोकळी. चारही बाजूंनी घेरलेली मगर चावते. वाट असलेली बहुतेकदा रात्री आपणहून जाते. दोरखंड टाकून पकडायचा हौशी प्रयोग तिच्याही जिवावर उठतो: मोठी मगर जोर लावते तेव्हा रक्तात आम्ल साठतं, आणि तासभर झुंजवलेली मगर सोडल्यानंतरही मरू शकते. प्रशिक्षित पथक डोळ्यांवर ओलं पोतं टाकतं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून जबडा चिकटपट्टीने बांधतं (मिटायची ताकद अफाट असली तरी उघडायचे स्नायू दुबळे असतात) आणि सावलीत, ओल्या अंगाने, फळीवर नेतं. सोडायचं ते त्याच पाण्यात, जवळच्या शांत पट्ट्यात.

कुणाला धरलंच, तर काठावरच्यांनी पाण्यात उड्या टाकू नयेत. काठीने, वल्ह्याने तिच्या डोळ्यांवर आणि नाकावर मारत राहावं; धरलेल्याने बोटं डोळ्यांत खुपसावीत, आणि वेळ न घालवता, कारण ती गिरकी घेते. सुटल्यावर जखम लहान दिसली तरी दात खोल गेलेले असतात आणि तोंडातले जंतू आत राहतात. घट्ट दाबून रक्त थांबवा; रक्त थांबत असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका. थेट रुग्णालय, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं. रेबीजची लस लागत नाही, तो रोग सस्तन प्राण्यांचा. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यांच्या सरकारी भरपाईच्या यादीत महाराष्ट्रात मगर आहे, म्हणून त्याच दिवशी वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवून पंचनामा करून घ्या. शेळीचाही.

एखादी ठरावीक मगर एकाच घाटावर पुन्हा पुन्हा माणसांवर आली असेल, तिची ओळख पटत असेल (तुटलेलं शेपूट, जखमेचा वण, लांबी), तर फक्त तिला पकडायची मागणी लेखी, तारीख-वेळ-फोटोसकट करा. तेवढीच मागणी टिकते.

ग्रामसभेत मांडायचा ठराव मग असा होईल: नळ असलेला धुण्याचा ओटा आणि म्हशींचा हौद, पंपधारकांनी पुढच्या उन्हाळ्याआधी तराफे लावणं, घाटाच्या कुंपणाचा प्रस्ताव वन आणि जलसंपदा विभागांकडे, चिकन-मटणाच्या कचऱ्याला पात्राबाहेर खड्डा, फेब्रुवारी ते जून घरट्याच्या पट्ट्यात माती-वाळू उपसा बंद. काठावर फलक लावाल तेव्हा 'सावधान' एवढंच लिहू नका, 'पाण्यापासून पाच मीटर लांब राहा' असं लिहा आणि ती पाच मीटरची रेघ दगडांना चुना लावून जमिनीवर आखा. आणि कुंपणाच्या फाटकाची किल्ली नेमकी कुणाकडे राहील, त्याचं नाव ठरावातच घाला. पूर ओसरल्यावर तेच विचारावं लागतं.